थ्रॉटल सेन्सर: दिवा पेटत नाही तेव्हा

गाडी म्हणजे मोटरसायकल, 2018ची, बीएस-4, दीडशे सीसीच्या गटातली, एअर-कूल्ड, फ्युएल इंजेक्शनची. मीटरवर 61 हजार किलोमीटर. मालक माझा भाचा. राहायला ऐरोली आणि नोकरी बेलापूरला, त्यामुळे गाडीचं बहुतेक आयुष्य ठाणे-बेलापूर रोडवर गेलेलं. मी रबाळ्याला एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनच्या, म्हणजे कारखान्यातली मोजमापाची उपकरणं सांभाळायच्या कामाला आहे. ट्रान्समीटर, लूप, कॅलिब्रेशन हे रोजचं. या नोंदी वहीतल्याच आहेत, फक्त वाक्यं नीट केली आहेत. आकडे मोजले तसेच ठेवले आहेत.

रविवार, 6 जुलै 2025

आषाढीच्या उपासाला ताईकडे सगळे जमलो होतो. खिचडी झाल्यावर भाच्याने विषय काढला.

"मामा, गाडीचं बघ ना जरा. गॅरेजवाले म्हणतात ईसीयू गेला."

"त्यांनी मोजलं काय?"

"मोजलं नाही काही. स्कॅनर लावला, त्यात फॉल्टच आला नाही. मग म्हणाले, ईसीयूच असणार."

ईसीयू म्हणजे इंजिनला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा गाडीतला छोटा कॉम्प्युटर. त्याआधी प्लग बदलून झाला होता, एअर फिल्टर बदलला होता, इंजेक्टर साफ करून झाला होता. एवढा खर्च होऊन एकही आकडा हाती नव्हता, याचं मला वाईट वाटलं. पोराचा पगार नवा आहे.

तक्रार त्याच्या तोंडून नीट उतरवून घेतली. 45-50च्या वेगात एक्सलरेटर एका जागी धरला की गाडी झटके देते. पूर्ण पिळला की मात्र सरळ ओढते. सिग्नलला स्लो (एक्सलरेटर सोडल्यावरचे इंजिनचे मिनिटाचे फेरे) वरखाली होतो, कधी 1400, कधी 2000च्या वर. अ‍ॅव्हरेज 46 वरून 37वर आलं. पावसात त्रास वाढतो. चेक इंजिनचा दिवा एकदाही पेटलेला नाही.

यातलं "पूर्ण पिळला की सरळ ओढते" हे वाक्य सगळ्यात कामाचं. पंप कमजोर असता किंवा पेट्रोलचा फिल्टर तुंबला असता, तर जास्त पेट्रोल लागतं तिथेच गाडी आधी रडली असती. इथे उलट आहे: थोडा थ्रॉटल (इंजिनकडे जाणाऱ्या हवेची झडप) उघडा असतानाच बिघडतं. म्हणून पंप सध्या बाजूला.

खाली पार्किंगमध्ये जाऊन प्राथमिक गोष्टी पाहून घेतल्या. बॅटरी बंद गाडीत 12.5 व्होल्ट, रेस दिल्यावर 14.1. एक्सलरेटर केबलचा मोकळा खेळ 4 मिलिमीटर, म्हणजे केबल ताणून थ्रॉटल अर्धवट उघडा राहतोय असं नाही. मॅनिफोल्डच्या रबराभोवती कार्ब क्लीनर मारून पाहिला, इंजिनचा आवाज बदलला नाही, म्हणजे तिथून हवा आत जात नाही. प्लग काढला. नवाच होता, तरी काजळीने काळा. गाडी जास्त पेट्रोल पितेय, हे त्या प्लगने सांगितलं.

शनिवार, 12 जुलै

भाच्याला थ्रॉटल सेन्सर म्हणजे काय ते आज समजावलं. पुढचं सगळं त्यावरच आहे, म्हणून इथेही लिहितो.

थ्रॉटल बॉडीत एक झडप असते, एक्सलरेटर पिळला की ती उघडते. झडपेच्या दांड्याच्या टोकाला हा सेन्सर. त्याच्या आत कार्बनची एक पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा बारीक ब्रश. बाहेर तीन वायरी: एकीवर ईसीयू 5 व्होल्ट देतो, दुसरी अर्थ (करंट परत जायची वायर), तिसरी सिग्नल. ब्रश पट्टीवर जिथे असेल त्या प्रमाणात सिग्नलचा व्होल्टेज. या गाडीच्या पुस्तकाप्रमाणे झडप बंद असताना 0.63 ते 0.73 व्होल्ट, पूर्ण उघडी असताना चारच्या थोडं वर. नव्या काही गाड्यांत ब्रशऐवजी चुंबकावर चालणारा, न घासणारा सेन्सर असतो. आमच्यात घासणाराच आहे.

बंद झडपेला शून्य व्होल्ट का ठेवला नाही? आमच्या प्लांटमध्ये मोजमाप कळवायला 4 ते 20 मिलीअँपचा लूप असतो, त्याचंच हे तत्त्व. शून्य आलं तर वायर तुटली, चार आलं तर खरोखरच सगळ्यात कमी. ईसीयूही तसंच बघतो. सिग्नल साधारण 0.2च्या खाली गेला किंवा 4.8च्या वर गेला, तर तो दोष मानतो. ओबीडीच्या (गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवायच्या व्यवस्थेच्या) प्रमाणित भाषेत हे कोड पी-0122 आणि पी-0123. मधल्या पट्ट्यात काहीही आलं की ईसीयू ते खरं धरतो. 0.68च्या जागी 0.95 आलं तर त्याच्या मते कोणीतरी एक्सलरेटर किंचित पिळलेला आहे. त्याला शंका घ्यायचं कारणच नसतं.

स्कॅनर आणि मीटर यांच्या कामातला फरक इथेच आहे. स्कॅनर ईसीयूच्या मनातलं वाचतो. ईसीयूच फसलेला असेल तर स्कॅनरही तेच फसलेलं चित्र दाखवतो. आणि कोड आला तरी तो "सर्किट"बद्दल बोलतो: सेन्सर, कपलर (वायरींचा काढता-घालता येणारा जोड), वायर, अर्थ, सगळं मिळून. पी-0122 आला म्हणून सेन्सर विकत घ्यायला पळणं म्हणजे तीन चतुर्थांश सर्किट न पाहता निकाल देणं.

1 एप्रिल 2020पासूनच्या बीएस-6 गाड्यांना ओबीडी सक्तीचं झालं, त्यामुळे त्यांना बाजारातला साधा रीडरही बऱ्याचदा चालतो. आमची त्याआधीची. हिच्यात दोष दिव्याच्या मिचकावण्यातून वाचायचा असतो. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी: होंडाच्या कितीतरी गाड्यांत थ्रॉटल सेन्सरला आठ मिचकावण्या, यामाहाच्या यादीत त्याचा आकडा 15. म्हणून आधी आपल्या गाडीचं पुस्तक मिळवा.

दिवा आणि ईसीयूची देखरेख शाबूत आहे का, हेही पाहायचं होतं. थ्रॉटल सेन्सरचा कपलर मुद्दाम काढला, चावी फिरवली. दिवा लगेच पेटला, मिचकावण्याही बरोबर. कपलर परत लावून चावी बंद-चालू केली, दिवा गेला. ईसीयू मेलेला नाही. तो नीट पाहतोय, त्याला दाखवलं जातंय तेच चुकीचं आहे.

रविवार, 13 जुलै

पाऊस सकाळपासून. पार्किंगच्या छताखाली काम.

टाकी उतरवली. आधी पंपाचा कपलर काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग नळीभोवती फडकं गुंडाळून ती सोडवली. इंजेक्शनच्या गाडीत नळीत साधारण 3 बारचा दाब असतो. तो न उतरवता नळी ओढली तर पेट्रोल थेट डोळ्यात. गरम इंजिनवर हे काम करायचंच नाही. टाकी खाली ठेवली, नळी बंद केली आणि थोडा वेळ जाऊ देऊन मगच पुढचं.

वायरींना भोसकायचं नाही, हा माझा नियम. वायरीच्या आवरणात सुईचं भोक पाडून मोजता येतं, पण इथल्या हवेत त्या भोकातून ओल आत जाते आणि वर्षभरात तांबं हिरवं होतं. कपलर लावलेलाच ठेवून मागच्या रबरी सीलमधून बारीक टाचणी आत सरकवली आणि तिच्यावर मीटरचा प्रोब लावला. वायरींच्या रंगावर विसंबू नका. कोणती कोणती, हेही मोजूनच ठरवा.

चावी चालू, इंजिन बंद, झडप बंद. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर:

5 व्होल्टची वायर: 5.00. छान.
सिग्नल: 0.86.
सेन्सरची अर्थ: 0.21.

शेवटच्या आकड्याशी थांबलो. अर्थच्या वायरीवर बॅटरीच्या निगेटिव्हच्या तुलनेत जवळपास शून्य हवं, 0.05च्या आत. इथे 0.21. मग काळा प्रोब सेन्सरच्या स्वतःच्या अर्थवर नेला आणि पुन्हा मोजलं: पुरवठा 4.79, सिग्नल 0.65. सेन्सरपुरतं पाहिलं तर तो आपल्या जागी ठीक आहे. त्याच्या पायाखालची जमीनच वर उचलली गेली आहे.

भाच्याला म्हटलं, "वायरिंगचा गठ्ठा हळूच हलव, स्टिअरिंगजवळचा." त्याने हलवला आणि आकडा 0.06 पासून 0.34 पर्यंत नाचला. सिग्नल त्याच्याबरोबर 0.73 ते 0.97. झडप मात्र जागेवर बंद.

"म्हणजे मी सिग्नलला उभा असतो तेव्हा हिला वाटतं मी रेस देतोय?"

"अगदी तेच."

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही अर्थची वायर एकट्या थ्रॉटल सेन्सरची नाही. हवेच्या दाबाचा सेन्सर आणि इंजिनच्या तापमानाचा सेन्सर त्याच वायरीवर आहेत. अर्थ वर गेली की दाबाच्या सेन्सरचा सिग्नल वर जातो आणि ईसीयूला वाटतं, इंजिनवर लोड आहे. तापमानाचा सिग्नलही वर जातो. त्या सेन्सरमध्ये जास्त व्होल्टेज म्हणजे थंड इंजिन, तेव्हा ईसीयूला वाटतं, इंजिन अजून तापलेलं नाही. तिघांची साक्ष एकाच दिशेने: पेट्रोल वाढव. काळा प्लग आणि 37चं अ‍ॅव्हरेज इथून आलं. आणि तिन्ही सिग्नल आपापल्या मर्यादेच्या आत, म्हणून दिवा नाही, कोड नाही.

एक जिज्ञासा म्हणून चावी बंद करून, बॅटरीचं टोक सोडवून, सेन्सरची अर्थ आणि ईसीयूकडची अर्थ यांच्यात मीटरचा बझर लावून पाहिला. बझर वाजला! हिशेब सोपा आहे. तिन्ही सेन्सरचा मिळून परतीचा करंट दहा-पंधरा मिलीअँपच्या घरात धरा. 0.21 व्होल्ट पडायला पंधरा-वीस ओहमचा अडथळा पुरतो आणि बऱ्याच मीटरचा बझर तीस ओहमपर्यंत खुशाल वाजतो. "कंटिन्युइटी आहे, वायर चांगली आहे" असं म्हणून इथे माणूस वायरिंगचा विषय बंद करतो आणि ईसीयूच्या किमतीची चौकशी सुरू करतो. वायर तपासायची तर तिच्यातून तिचा नेहमीचा करंट जात असताना दोन टोकांमधला व्होल्टेज मोजायचा. बझर फक्त तुटलेली वायर सांगतो, आजारी वायर सांगत नाही.

ईसीयूच्या अर्थच्या पिनवर बॅटरीच्या तुलनेत 0.01. म्हणजे ईसीयूची बाजू स्वच्छ. दोष ईसीयू आणि सेन्सर यांच्या मधल्या वायरीत.

शनिवार, 19 जुलै

मधला जोड सापडला. टाकीखाली, स्टिअरिंगच्या नळीला लागून वायरिंग वळतं तिथे तिन्ही सेन्सरच्या अर्थ एका क्रिंपमध्ये (दाबून बसवलेल्या धातूच्या जोडात) एकत्र आणून वर टेप मारलेली. टेप सोलली तर आत हिरवी पूड आणि काळी पडलेली तार. दर हँडल वळवण्याबरोबर तो जोड थोडा वाकतो. त्यात पाणी. भाचा दर महिन्याला प्रेशरच्या पाण्याने गाडी धुऊन घेतो, फवारा नेमका टाकीखाली मारतात.

घणसोली गावात एक जुने मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यातला माणूस. संध्याकाळी त्यांना तो कापलेला जोड नेऊन दाखवला. त्यांनी हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, पाणी वरून येतं असं लोकांना वाटतं. पाणी वायरीच्या आतून चालत येतं." खरं आहे. एका टोकाला ओल शिरली की बारीक तारांच्या फटींतून ती आवरणाच्या आत हातभर पुढे जाते. म्हणून काळी तार संपून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत गेलो. जवळपास वीतभर वायर टाकून द्यावी लागली आणि तेवढाच नवा तुकडा जोडला.

जोड क्रिंपने केला, सोल्डरने नाही. सोल्डर तारेत पुढे झिरपून तिला कडक करतं, आणि थरथरणाऱ्या ठिकाणी ती कडकपणा संपतो तिथेच तुटते. वरून आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. जोडाची जागाही बदलली, हँडल वळल्यावर वाकणार नाही अशी. सेन्सरच्या कपलरमध्ये ओल अडवायला किंचित डायइलेक्ट्रिक ग्रीस.

मोजणी: सेन्सरची अर्थ 0.01, सिग्नल 0.69. गठ्ठा हलवला, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, आकडा हलला नाही.

रविवार, 20 जुलै

पहाटे पाम बीच रोडवर. वाशी ते बेलापूर सलग, सिग्नल कमी, एक वेग धरून ठेवायला याहून चांगला रस्ता आपल्याकडे नाही.

स्लो 1400वर पक्का. एक्सलरेटर सोडल्यावर इंजिन पटकन उतरतं. पूर्वी लोंबकळत राहायचं. पिकअपही हलका झाला.

झटके मात्र राहिले. कमी झाले आणि स्पष्टही झाले. आधी ते सगळ्या गोंधळात मिसळलेले होते, आता वेगळे ओळखू येतात. 47-52च्या दरम्यान एक्सलरेटर स्थिर धरला की आधी हिसका मागे, लगेच हिसका पुढे. 40ला नाही, 60ला नाही.

वेग ठराविक आहे की झडपेची जागा ठराविक आहे? हे वेगळं करायला चौथ्या गिअरमध्ये एक्सलरेटर त्याच जागी धरून पाहिला. वेग कमी, तरी झटका आहेच. म्हणजे जागा ठराविक. अर्थचा दोष दुरुस्त केला नसता तर हा दुसरा दोष इतका नेमका कधीच दिसला नसता.

शनिवार, 26 जुलै

डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. काही मिलिसेकंदांसाठी सिग्नल पडला तर तो त्याला दिसणारच नाही. कारखान्यातल्या माझ्या कपाटात मोटवानेचा जुना काट्याचा मीटर आहे, तो घरी आणला. 20 किलोओहम प्रति व्होल्टचा आहे, 10 व्होल्टच्या रेंजवर 200 किलोओहम. सेन्सर 5 किलोओहमचा, त्यामुळे मीटर लावल्याने सिग्नलवर म्हणण्यासारखा भार येत नाही.

चावी चालू, इंजिन बंद. भाच्याला सांगितलं, एक्सलरेटर जितका हळू पिळता येईल तितका हळू पिळ, श्वास रोखल्यासारखा. काटा 0.7 पासून वर चढू लागला. 1.1 च्या आसपास थरथरला, खाली टुणकन गेला, परत आला. मग चारपर्यंत एकदम गुळगुळीत. उलट येताना त्याच जागी पुन्हा. त्या जागेवर एक्सलरेटर धरून मी थ्रॉटल बॉडीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके टकटक केलं, आणि प्रत्येक टकटकीला काटा उडाला.

कपलर काढून सेन्सरच्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स मोजला: 4.9 किलोओहम. बिलकुल नॉर्मल. पुस्तकात बहुधा हीच चाचणी दिलेली असते आणि हीच चाचणी इथे निरुपयोगी ठरते, कारण टोकापासून टोकापर्यंत मोजताना ब्रश कुठे टेकलाय आणि कुठे उचललाय याचा काही संबंधच येत नाही.

झटक्याचं गणित आता जुळतं. ब्रश क्षणभर पट्टीवरून उचलला जातो, सिग्नल खाली कोसळतो. ईसीयूला वाटतं चालकाने एक्सलरेटर झटकन सोडला. एक्सलरेटर सोडल्यावर पेट्रोल तोडणं हे त्याचं कामच आहे, तो तोडतो. पुढच्या क्षणी ब्रश टेकतो, ईसीयूला वाटतं एक्सलरेटर झपकन पिळला. पिकअपसाठी तो जादा पेट्रोल देतो. आधी मागे, मग पुढे. आणि दोष म्हणून नोंद व्हायला सिग्नल काही काळ बिघडलेला राहावा लागतो. इतक्या छोट्या उड्या ईसीयू मोजत नाही.

रविवार, 27 जुलै

पक्की खात्री करायला एक चाचणी उरली होती. सेन्सरचा कपलर काढून, उघडं टोक टेपने बंद करून, पाम बीचवर गाडी चालवली. या गाडीचा ईसीयू अशा वेळी ठराविक आकडा धरतो आणि दाबाच्या सेन्सरवर काम चालवतो. सगळ्याच गाड्या असं करत नाहीत, काही रेसच घेत नाहीत, त्यामुळे हे रहदारीत करू नका. पहाट होती, रस्ता रिकामा होता, मी मागे दुसऱ्या गाडीवर होतो.

दिवा पेटलेला, पिकअप मेलेला. पण 50वर झटका नाही. सलग, शांत.

भाचा गाडी बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, सेन्सर नसताना बरी चालते!" खोटं बोलणाऱ्या साक्षीदाराला बाहेर पाठवलं की खटला पुढे सरकतो, तसं झालं.

शनिवार, 2 ऑगस्ट

स्पेअर पार्टच्या काउंटरवर. सेन्सर सुटा येत नाही, पूर्ण थ्रॉटल बॉडीच घ्यावी लागते, ऑर्डर केल्यावर आठवडाभरात. काही हजारांचा मामला. दिसायला तसाच बाजारू सेन्सर खूप स्वस्तात मिळत होता, नाही घेतला. त्याची बंद झडपेची जागा आपल्या थ्रॉटल बॉडीशी जुळवायला स्क्रूच्या भोकांत सरकायला जागा हवी, आमच्यात ती नाही.

काउंटरवरच्या एकाने सल्ला दिला की झडपेचा स्टॉप स्क्रू थोडा फिरवा, ब्रश दुसऱ्या जागी जाईल. त्या रंग लावलेल्या स्क्रूला कोणीही हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. तो कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून बसवलेला असतो. तो फिरवला की स्लो, ईसीयूचं शून्य आणि पेट्रोल तोडण्याची वेळ, सगळंच सरकतं, आणि परत जागेवर आणायला आपल्याकडे काही साधन नसतं.

शनिवार, 9 ऑगस्ट

राखी पौर्णिमा. ताई सकाळीच आली, राखी बांधली, नारळीभात झाला. आदल्या दिवशी दिवा कोळीवाड्याकडून नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीची वाद्यं ऐकू येत होती. आज दुपारी नवी थ्रॉटल बॉडी बसवली.

मॅनिफोल्डच्या रबराची कड नीट बसली आहे का हे बोट फिरवून पाहिलं. ती दुमडली तर हवा गळते आणि आपण नव्या सेन्सरला दोष देत बसतो. केबलचा खेळ पुन्हा 4 मिलिमीटरवर. या गाडीला स्कॅनरने रिसेट लागत नाही: एक्सलरेटर न पिळता चावी चालू करून काही सेकंद थांबायचं, मग इंजिन सुरू करून तापेपर्यंत स्लोवर चालू द्यायचं, तेवढ्यात ईसीयू बंद झडपेची जागा शिकतो.

बंद 0.67, पूर्ण उघडी 4.12. काटा तळापासून वरपर्यंत न थरथरता.

रविवार, 10 ऑगस्ट

जुना सेन्सर कापून उघडला. भाचा आणि मी खिडकीत, भिंगाखाली. काळी पट्टी जवळपास सगळीकडे मखमली आणि एकसारखी. सुरुवातीच्या थोडं पुढे एक छोटा पट्टा चकाकता, खोलगट, त्याच्या कडेला कार्बनचा भुगा साठलेला. ब्रशच्या बारीक बोटांपैकी एक वाकडं झालेलं.

तो पट्टा म्हणजे ऐरोली ते बेलापूर. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, रोज तोच वेग, तोच किंचित उघडा एक्सलरेटर, आणि एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर ब्रशला त्याच जागी घासत राहणारी. पट्टीचा वरचा अर्धा भाग जणू वापरलाच नव्हता. भाचा बराच वेळ ते पाहत बसला. मग त्यानेच विचारलं, रोज वीस मिनिटं एकाच जागी एक्सलरेटर धरणाऱ्या सगळ्यांच्याच गाड्यांचं असं होत असेल का? ब्रशवाला सेन्सर असेल तर झीज तिथेच आधी होणार, हे नक्की. किती वर्षांत, ते ज्याच्या त्याच्या वापरावर.

बुधवार, 20 ऑगस्ट

18 आणि 19 तारखेच्या मुसळधार पावसात गाडी बाहेरच उभी होती. आज रात्री कामावरून आल्यावर, कोरडी न करता, तशीच मोजली.

सेन्सरची अर्थ 0.01. सिग्नल बंद झडपेला 0.67. हँडल दोन्हीकडे वळवून तेच. स्लो 1400. टाकी-टू-टाकी अ‍ॅव्हरेज 45. प्लग काढला, टोक फिकट तपकिरी.

ईसीयू मूळचाच आहे.

गाडी धुणाऱ्याला भाच्याने सांगून ठेवलंय, टाकीखाली फवारा मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. अर्थच्या वायरीवरचा व्होल्टेज पुन्हा ऑक्टोबरमध्ये मोजायचा आहे, इंजिन पूर्ण तापलेलं असताना. तेव्हाचा आकडा याच पानावर खाली लिहायला दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.